धाकट्याचं तोंड

आमच्या गल्लीतल्या नव्या सुनांना फानियास म्हणजे मुका म्हातारा एवढंच माहीत होतं. माझ्या भट्टीसमोर त्याचं घर. सकाळी दार उघडायचा, उंबऱ्यावर बसायचा, पांढऱ्या दाढीआडून बाजाराकडे बघत राहायचा आणि कुणी काही विचारलं तर मान हलवायचा. बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरलीय. मीही म्हणायचे. पण मी त्याला बोलताना पाहिलंय, आणि आमच्या अख्ख्या स्ट्रॅटोनिकेया शहरात त्याच्याइतका बडबड्या माणूस नव्हता, हे हेकाटे देवीची शपथ घेऊन सांगते.

टांकसाळीत तो नाण्यांचे ठसे कोरायचा. रोमचं चांदीचं नाणं आमच्याकडे कर भरायला आणि सावकाराच्या पेटीत पडायला. बाकी सगळा बाजार, माझे पाव, अंजिरं, तेल, न्हावी, सगळं आमच्या शहराच्या काशाच्या नाण्यावर चालायचं. त्या नाण्यावर एका बाजूला आमची देवी असायची, हातात मशाल घेतलेली. दुसऱ्या बाजूला मात्र रोमच्या राजाचंच तोंड हवं. ज्याला आपण जन्मात बघणार नाही त्याचं तोंड कमरेच्या पिशवीत घेऊन फिरायचं, आणि तेही अदबीने. तिकडे रोममध्ये म्हणे कुणी तरी राजाचं नाणं घेऊन नको त्या बाईच्या घरी गेला आणि डोकं गमावून बसला. हे ऐकल्यावर माझा नवरा, देव त्याला सुखी ठेवो, पिशवी घरी ठेवून दारू प्यायला जाऊ लागला. उधारीवर.

फानियासची बायको अफिया पोराला जन्म देऊन गेली. पोराचं नाव यासोन. बापाने दुसरं लग्न केलं नाही. पोर माझ्या भट्टीपाशी रांगला, माझ्या मुलीबरोबर राखेत खेळला. मला मावशी म्हणायचा. नाक टोकाला जरा वर उचललेलं, कान बाहेर आलेले, आणि खालचा ओठ असा पुढे, की सारखा रुसलाय असं वाटावं. प्रत्यक्षात रुसायचा कधीच नाही.

तो मोठा झाला, बापाच्या हाताखाली भाता मारू लागला, तेव्हाची गोष्ट. त्या वेळी म्हातारा राजा जिवंत होता आणि त्याने आपल्या दोन्ही मुलांना गादीचे वारस केलं होतं. देवीची जत्रा जवळ आली होती. लॅगिना गावातल्या तिच्या देवळातून देवीची किल्ली घेऊन एक मुलगी शहरात येते, तिच्या मागे सगळा मुलूख येतो, आणि त्या गर्दीला सुटी नाणी पुरत नाहीत. नगरप्रमुखांनी फर्मावलं, या वर्षी नाण्यावर दोघं भाऊ समोरासमोर हवेत. नमुन्यासाठी लाकडावर रंगवलेली दोन चित्रं बंदरावर उतरली. थोरल्याचं नीट आलं. धाकट्याच्या चित्रात समुद्राचं पाणी गेलं होतं आणि तोंडाच्या जागी तपकिरी डाग तेवढा उरला होता.

फानियास ते चित्र घेऊन माझ्या भट्टीवर आला.

"तातिया, हे बघ. हा आपला होणारा राजा."

"हा तर जळका पाव दिसतोय भाऊ."

"हसू नकोस. जत्रेआधी ठसा द्यायचाय. दुसरं चित्र मागवायचं तर पुढची जत्रा येईल. ह्याला पाहिलंय कुणी इथे?"

"आपल्यातल्या कुणी? तो बिचारा तरी कशाला येईल आपल्याकडे?"

यासोन माझ्या दारात बसून पावाचा कडक कडेचा तुकडा चावत होता, बापाकडे एक गाल करून. फानियास त्याच्याकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि मग त्याने पोराची हनुवटी धरून तोंड जरा उजेडाकडे वळवलं.

"बाबा, खाऊ द्या की."

"खा. पण मान हलवू नकोस."

असा आमच्या यासोनचा राजा झाला. थोरल्याला दाढीची कोवळी लव आणि कपाळावर आठी, जशी चित्रात होती तशी. त्याच्यासमोर आमचा पोरगा, वर उचललेलं नाक आणि रुसका ओठ. नगरप्रमुखांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाले, "वा! घराणं दिसतंच तोंडावर." फानियासने मान खाली घातली ती हसू लपवायला.

पण बाजार काही आंधळा नसतो. पहिल्याच दिवशी तेलवाली ओरडली, "अगो बाई, हा तर आपला यासोन!" संध्याकाळपर्यंत त्या नाण्याला दुसरं नावच उरलं नाही. एक यासोनची अंजिरं द्या. यासोन मोडून मिळेल का? पोरगा बाजारातून जायला लागला की कोळीण हाक मारायची, "ए राजा, तुला घेऊनच तुला मासे देते, ये!" तो लाजायचा, बाप फुशारायचा. वरच्यांना कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे लोक भांडतील, एकमेकांच्या कोंबड्या पळवतील, पण गंमत वरपर्यंत पोचवणार नाहीत.

ठसे उलटे कोरावे लागतात, तेव्हा नाणं सुलटं निघतं. यासोनला ते जमेना आणि आवडेना. "मावशी, दिवसभर उलटं बघून बाबांना आता माणसंही उलटी दिसतात," म्हणायचा. शेवटी संगमरवर वाहणाऱ्या जहाजावर कामाला लागला. बापाने आकांत केला, मग पोराच्या गाठोड्यात स्वतःच चीज बांधून दिलं. पहिल्या फेरीहून तो परत आला, काळा होऊन. दुसऱ्या फेरीला जहाज दगडाच्या वजनाने तळाला गेलं. एकही माणूस काठाला लागला नाही.

प्रेत मिळालं असतं तर धुतलं असतं, तोंडात मेलेल्यांना पार नेणाऱ्या नावाड्याचं नाणं ठेवलं असतं, पुरलं असतं. बुडालेल्याला यातलं काही नाही. त्याच्याजवळ भाडं नसतं, म्हणून नावाडी त्याला पलीकडे नेत नाही, आणि तो त्या काळ्या नदीच्या अलीकडच्या काठावर तसाच फिरत राहतो. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून कुणी फानियासला धीर द्यायला गेलं नाही. काय म्हणणार? सुटला बिचारा, असं म्हणायचीही सोय नव्हती.

तो माझ्याकडून रोज एक पाव घ्यायचा. आता अमावास्येला दोन घेऊ लागला. दुसरा तीन रस्त्यांच्या चौकात, देवीच्या दगडापाशी ठेवून यायचा, भटकणाऱ्या मेलेल्यांसाठी.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुमच्या पावावर चौकातली कुत्री लठ्ठ झालीत."

"होऊ देत. त्यालाही कुत्री आवडायची."

त्या दिवसांत तो बाजारात उगाच फिरायचा. काही घ्यायचं नसायचं. नुसता दुकानादुकानांसमोर रेंगाळायचा. मला आधी कळेना, मग एकदा त्याच्या मागे उभी राहिले आणि कळलं. दोन यासोन द्या. यासोन आहे का सुटा? हा यासोन गुळगुळीत झालाय, दुसरा दे. दिवसभर त्याच्या पोराचं नाव कुणी ना कुणी घेत होतं. म्हातारा ते ऐकायला यायचा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी तेलवालीशी उगाच भांडण काढलं.

मग म्हातारा राजा मेला, आणि वर्ष उलटलं न उलटलं तोच थोरल्याने धाकट्याला मारलं. आईच्या कुशीत लपला होता म्हणतात, तिथेच मारलं. राजाच्या घरात तंटा झाला की आमच्या चौकात हातोडा वाजतो, हा जुना शिरस्ता. याआधी थोरल्याने बायको टाकली तेव्हाही तिचं तोंड नाण्यांवरून खरवडलं गेलं होतं. ते काम फानियासनेच केलं होतं आणि तेव्हा करता करता गाणी म्हणत होता. आता हुकूम आला तो धाकट्याचा. दगडावरून नाव, पुतळ्यावरून डोकं, नाण्यावरून तोंड पुसायचं. सगळ्यांनी नाणी चौकात आणायची. खोडलेल्या तोंडाशेजारी शहराचा लहान शिक्का मारून ती परत मिळतील. न खोडलेलं नाणं ज्याच्याकडे सापडेल त्याचं डोकं जाईल. आणि खोडताना थोरल्याच्या तोंडाला ओरखडा गेला, तरी डोकंच.

दोन तोंडांत करंगळीच्या नखाएवढी जागा. असल्या कामाला शहरात एकच हात होता.

दवंडी ऐकून मी हातातलं पीठ तसंच टाकून त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर छिन्नीला धार लावत होता.

"ताप आलाय म्हणून सांगा," मी म्हटलं. "मी साक्ष देते. हवं तर भट्टीजवळ बसवते, अंगही तापेल."

"मग कोण करील?"

"कुणीही करेना का! लोहार आहे, त्याचा भाचा आहे."

"लोहार?" त्याने छिन्नी खाली ठेवली. "तो घण घालील गं त्याच्या नाकावर. माझ्या हाताने निदान हळू जाईल."

हे त्याचे शेवटचे शब्द. निदान मी ऐकलेले.

दुसऱ्या दिवसापासून तो चौकात सभागृहाच्या भिंतीपाशी बसला. पुढ्यात लाकडी ठोकळा, एका बाजूला कारकून, एका बाजूला शिपाई. लोक रांगेने नाणी देत होते. एरवी आमची रांग म्हणजे मासळीबाजार, पण त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. कुणी त्याला यासोन म्हणालं नाही. "हे घ्या," एवढंच. तो प्रत्येक नाणं उचलायचा, अंगठ्याने एकदा पुसायचा, आणि मग छिन्नी ठेवायचा. आधी नाक, मग ओठ. कान सगळ्यात शेवटी. माझी पाळी आली तेव्हा मी माझी पिशवी ओतली आणि त्याच्याकडे न बघता निघून आले. मला ते बघवलं नसतं. तेलवाली म्हणाली, त्याचा हात एकदाही थरथरला नाही. थरथरला असता तर थोरल्याला लागलं असतं ना.

नाणी परत आली. थोरला तसाच, कपाळावर आठी घालून समोर बघतोय, आणि समोर नुसता खरवडलेला खड्डा. यासोन म्हणायची सोय राहिली नव्हती. मग बाजाराने त्या नाण्याला नवं नाव दिलं. एकटा. दोन एकटे द्या, एक एकटा परत घ्या. राजाला काय, त्याला हेच हवं असावं. फानियासने मात्र त्यानंतर बाजारात पाऊल टाकलं नाही.

काही दिवसांनी कुणी तरी चुगली केली, की म्हाताऱ्याने एक नाणं मागे ठेवलंय. शिपाई आले. अंथरूण फाडलं, तेलाचा बुधला फोडला, चुलीची राख चाळली, जमिनीची फरशी उखडली. मी दारात उभी राहून जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या.

"अरे, ज्याने सगळी खोडली तो एक कशाला ठेवील? तुमच्या डोक्यात मेंदू आहे का भुसा?"

"बाई, तू गप्प बस. म्हाताऱ्या, तू बोल! आहे का?"

फानियासने मान हलवली. नाही.

"तोंडाने बोल की!"

त्याने गालावर हात ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. दाढ दुखतेय, अशी खूण. शिपायाने वैतागून त्याचा झगा झटकला, पट्टा सोडायला लावला, वहाणा उपटून बघितल्या. काही मिळालं नाही. जाताना बुधल्याच्या खापरावर पाय घसरून एक जण पडला तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्यानंतर फानियास बोललाच नाही. त्याने दाढी वाढवली. आधी लोकांना दया आली, मग सवय झाली, मग थट्टा सुरू झाली. मिठाची गुळणी तेव्हाची. पाव घ्यायला यायचा तो बोट वर करून. अमावास्येला दोन बोटं.

तेही मी सोसलं असतं. पण तो कुणाकडे जेवेना. माझ्या मुलीच्या लग्नाला आला, ज्या पोरीने त्याच्या ओट्यावर चालायला शिकून गुडघे फोडले होते तिच्या लग्नाला. भिंतीशी उभा राहिला. मी स्वतः ताट घेऊन गेले. कोकराचं मटण, मधातल्या वड्या. त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"एक अंजीर तरी घ्या भाऊ. पोरीला वाईट वाटेल."

मान हलवली.

"असं काय केलंय आम्ही तुमचं? नाणी आम्ही खोडायला लावली का?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि निघून गेला. मी रागाने ते ताट दारातल्या मांजरांपुढे ठेवलं. एकटं राहायचं तर रहा म्हणावं, कोण पायघड्या घालतंय? त्यानंतर मी त्याला पाव द्यायचे, पण बघून हसायचे नाही. तो बंद दाराआड एकटाच जेवायचा. कडी लावल्याचा आवाज मला भट्टीवर ऐकू यायचा. आमच्या गल्लीत जेवताना कडी कुणी लावत नाही.

असा किती तरी काळ गेला. या हिवाळ्यात एका सकाळी त्याचं दार उघडलं नाही.

नात्यातलं कुणी नव्हतं. धुवायचं काम माझ्याकडेच आलं आणि मी ते कुरकुरत हातात घेतलं, कारण त्या दिवशी माझे दोन घाणे भाजायचे राहिले. म्हातारा चिमणीएवढा झाला होता. पाणी तापवलं, अंग पुसलं, केस विंचरले. पुरणाऱ्यांचा माणूस द्रोमोन बाहेर तिरडी बांधत होता. आता फक्त तोंडात नाणं ठेवायचं राहिलं. मी पिशवीतून एक एकटा काढला, त्याची हनुवटी धरली आणि जबडा उघडला.

आत नाणं होतं.

डाव्या गालात, हिरडी आणि गाल यांच्यामध्ये. तिथलं मांस त्याच्या आकाराचं झालं होतं, जसा जुन्या वहाणेत अंगठ्याचा खळगा पडतो. मी ते बोटाने बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. थोरला बराच झिजला होता. त्याच्याच बाजूला जीभ लागत असावी. आणि समोर यासोन. वर उचललेलं नाक, बाहेर आलेला कान, रुसका ओठ. इतकी वर्षं अंधारात राहून जसाच्या तसा. मावशी म्हणून हाक मारील असा.

मी खाली बसले. सगळं एकदम कळलं. का बोलला नाही, का अंजीर घेतलं नाही, का कडी लावायचा. जेवायला बसल्यावर ते बाहेर काढून समोर ठेवत असणार, आणि दोघं जेवत असणार. आणि मी माझं ताट मांजरांना घातलं. रडले. तोंडात पदर कोंबून रडले, कारण बाहेर द्रोमोन होता.

"झालं का गं तातियाबाई?" त्याने हाक मारली. "जमीन थिजायच्या आत खणायचंय."

"आले. थांब जरा!"

हुकूम अजून तसाच होता. हे नाणं माझ्या हातात कुणी बघितलं असतं तर माझं डोकं. भट्टीत टाकलं तर कुणाला कळणार नव्हतं. क्षणभर तसं मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण मग वाटलं, एवढ्या मोठ्या राज्यात त्या पोराला लपायला एकच जागा सापडली होती. ती मी कोण काढून घेणार? मी नाणं पुन्हा तिथेच ठेवलं, डाव्या गालात, होतं तसं.

आणि मग नावाड्याच्या भाड्याचा विचार आला. लोक म्हणतील, आहे की आत एक नाणं, झालं. पण फानियासला मी ओळखत होते. ज्याने शिपायांना दिलं नाही तो नावाड्याला देईल होय? हात जोडील, मान हलवील, आणि बसून राहील काठावर. म्हणून मी माझा एकटा त्याच्या जिभेखाली ठेवला. मग पिशवीतून आणखी एक एकटा काढला आणि तोही ठेवला. त्याच काठावर एक पोरगा कधीचा उभा होता, आणि त्याचं भाडं कुणीच भरलं नव्हतं.

हनुवटीखालून पट्टी नेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली. द्रोमोन आत आला, वाकून बघितलं.

"नाणं ठेवलंस ना?"

"ठेवलं."

"एक गाल सुजल्यासारखा वाटतोय गं."

"दाढ दुखायची त्याची. जुनं दुखणं होतं."

"अरेरे. कधी बोलला नाही बिचारा." त्याने पायांकडून उचललं, मी डोक्याकडून. "चला, आता नाही दुखायची."

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."